हाड म्हटलं की यायचं

पंधराव्या वर्षी माझ्याइतकं शहाणं माणूस अख्ख्या शिरूरमध्ये नव्हतं. ही गोष्ट मला माहीत होती, शिरूरला अजून कळायची होती. दोन वेण्या, वेण्यांना लाल रिबिनी, उजव्या हातात चामड्याचा पट्टा आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कुत्रं, अशी मी रोज संध्याकाळी पाच वाजता मिशन कंपाउंडच्या फाटकातून बाहेर पडायची आणि नदीच्या दिशेनं निघायची. मान इतकी ताठ की रस्त्यातलं शेण दिसायचं नाही. त्यामुळे परत आल्यावर आई आधी माझ्या चपला बघायची, मग तोंड.

कुत्रं दौंडहून आलं होतं. माझी सुमनआत्या तिथं रेल्वे क्वार्टरमध्ये राहायची. तिचे यजमान मालगाडीवर गार्ड. त्यांची बदली झाली, आणि नव्या क्वार्टरमध्ये कुत्रं चालणार नव्हतं, म्हणून आतोबांनी ते कांद्याच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसवून आमच्याकडे पाठवलं. त्याचा एक कान कायम उभा आणि दुसरा कायम पडलेला, त्यामुळे आतोबांनी त्याचं नाव सिग्नल ठेवलं होतं. सोबत त्यांच्या पेटीचा जुना चामडी पट्टा आणि एक चिठ्ठी होती. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘पट्ट्याशिवाय बाहेर काढू नये. रेल्वेच्या हद्दीत वाढलेले आहे. मोकळ्या कुत्र्यांची सवय नाही.’ आतोबांनी आयुष्यभर मालगाड्यांच्या वेळा नोंदवण्यापलीकडे काही लिहिलं नसेल, पण त्या तीन ओळींत पुढचं सगळं आलं होतं. मी पहिली ओळ तेवढी पाठ केली.

त्या काळी आमच्याकडे कुत्रं दोरीला दोनच कारणांनी बांधायचे. एक तर ते पिसाळलेलं असायचं, नाहीतर कुणाला तरी देऊन टाकायचं असायचं. त्यामुळे मी निघाले की लोक बाजूला व्हायचे. पीठगिरणीवाल्या मावशी दळण घेणाऱ्या बायकांना आत ओढायच्या. “पिसाळलंय व्हय गं?” मी म्हणायची, “नाही हो, फिरायला नेते आहे.” त्यावर गिरणीपुढं बसलेले एक म्हातारे रोज न चुकता विचारायचे, “का? त्याला पाय न्हाईत?” आणि हे सगळं बोलणं चालू असताना आजूबाजूनं सात-आठ मोकळी कुत्री बिनधास्त हिंडत असायची, त्यांतली दोन-तीन खरोखर चावरी. त्यांना कुणी काही विचारत नसे. बांधलेलं म्हणजे धोक्याचं आणि मोकळं म्हणजे गरीब, असा गावाचा हिशोब होता. सिग्नल बिचारा पीठगिरणीच्या आवाजालाच घाबरून माझ्या परकराआड लपायचा, आणि बायका त्याला घाबरून एकमेकींच्या आड.

खरी अडचण आप्पांच्या घरापुढं होती. आप्पा म्हणजे सोसायटीचे चेअरमन, नदीकडच्या रस्त्याला लागून त्यांची बागायत, रस्त्यावरच घर, घराला लांबरुंद ओटा. त्यांची तीन कुत्री. राजा, वाघ्या आणि तिसरं. तिसऱ्याला नाव नव्हतं आणि चावायचं तेच. सिग्नल दिसला की तिघं ओट्याखालून सुटायची, आणि मी पट्टा डोक्यावर धरून गोल गोल फिरायची. सिग्नल माझ्याभोवती, ती तिघं सिग्नलभोवती. लांबून बघणाऱ्याला काहीतरी खेळ चाललाय असं वाटत असणार. आप्पा ओट्यावरून चहाची बशी खाली न ठेवता म्हणायचे, “घाबरू नगं पोरी, काय करत न्हाईत.”

आता मी मुलाकडे यवतला राहते. नात नोकरीला गेली की तिचं कुत्रं फिरवायचं काम माझ्याकडे असतं. त्याच्या अंगात दप्तरासारखा पट्टा आहे, त्याचं खाणं पिशवीतून येतं आणि त्याचं मागचं काम मला पिशवीत भरून आणावं लागतं. हायवेच्या कडेनं निघालं की धाब्याची चार कुत्री अंगावर येतात, आणि धाबेवाला काउंटरवरून म्हणतो, “आजी, काय करत न्हाईत ती.” या जिल्ह्यात एवढ्या वर्षांत रस्ते चौपदरी झाले, शेतांचे कारखाने झाले, पण हे वाक्य जसंच्या तसं राहिलं आहे.

आप्पांना कुत्री बांधा म्हणून सांगायची सोय नव्हती. कंपाउंडातल्या सहा घरांना पाणी यायचं ते आप्पांच्या विहिरीवरून. त्यांच्या इंजिनाचा पुकपुक आवाज सुरू झाला की आई हातातली पोळी तव्यावर टाकून हंडे घेऊन पळायची. आजही कुठं तसं इंजिन ऐकलं तर मला जळक्या पोळीचा वास येतो. आप्पांनी पाण्याबद्दल कधी कुणाला चकार शब्द काढला नाही. गरजच नव्हती. पप्पा मिशनच्या शाळेत मराठीचे मास्तर, सरळ माणूस. मी तक्रार केली की म्हणायचे, “दुसऱ्या रस्त्यानं जा.” दुसरा रस्ता नव्हता.

म्हणून मी स्वतःच उपाय काढले. आधी काठी घेतली. काठी वर केली की पहिला सिग्नलच जमिनीला चिकटायचा, मग त्याला ओढत न्यावं लागायचं. नंतर दगड. दगड उचलायला वाकलं की गावातलं कुठलंही कुत्रं पळतं, आप्पांचीही दहा पावलं मागे सरली. मी नेम धरून वाघ्याच्या दिशेनं दगड भिरकावला. सिग्नलनं हिसका देऊन पट्टा सोडवला, धावत गेला, आणि तो दगड तोंडात धरून परत आणून माझ्या पायाशी ठेवला. रेल्वे क्वार्टरमधली पोरं त्याच्याशी चेंडू खेळत असत. वाघ्यानं असा प्रकार पूर्वी बघितला नसावा. तो बराच वेळ नुसता उभा राहिला.

मग तिसरा उपाय, जो कुणालाही सुचला असता. मी ओरडले, “हाड! हाड!”

इथं थोडं घरात यायला हवं. आमचे आजोबा चर्चचे पाळक होते, आणि दारात आलेल्याला, मग तो माणूस असो की जनावर, हाड म्हणायचं नाही असा त्यांचा दंडक होता. आजोबा गेले, दंडक राहिला. दारात कुत्रं आलं की आई म्हणायची, “जा बाबा, आज काही नाही.” एवढं ऐकून कुत्री खरंच जायची, असं नाही. सांगायचा मुद्दा, आमच्या घरात तो शब्द रिकामा पडला होता. त्यात पप्पा मराठीचे मास्तर. रविवारी उपासना सुटली की चर्चपासूनच आईच्या मटणाचा वास यायचा. ती पहाटेच उठून खोबरं-कांदा भाजून वाटायची, पातेल्यावर पाण्याचं झाकण ठेवून मंद आचेवर सोडायची आणि मग पांढरी साडी नेसून पहिल्या बाकावर जाऊन बसायची. प्रार्थनेला सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि नाकं आमच्या घराकडे. जेवणं झाली की पप्पा ताटातली हाडं एका पितळीत गोळा करून मागच्या दारात उभे राहायचे. पहिल्या दिवशी मी म्हटलं, “घे रे.” पप्पांना ते पटलं नाही. “घे म्हणजे काय घे? मुकं झालं तरी त्याच्याशी नीट बोलावं. वस्तूचं नाव घ्यावं.” आणि स्पष्ट उच्चार करून ते म्हणाले, “सिग्नल, हाड.” सिग्नल आला, पुढचे दोन्ही पाय जुळवून बसला आणि वर बघू लागला.

तीन-चार रविवारांत तो एवढा तयार झाला की कधीही, कुठंही हाड म्हटलं की यायचा आणि पाय जुळवून बसायचा. शाळेत मी सांगितलं की मी त्याला इंग्रजीत शिकवलं आहे. मैत्रिणी परीक्षा घ्यायला आल्या की मी मोठ्यानं म्हणायची, “कम! सिट!” आणि तोंड फिरवून हळूच, “हाड.” मैत्रिणींनी ही बातमी घरोघर पोचवली. मास्तरांच्या रूथचं कुत्रं इंग्रजी जाणतं. हेडमास्तरीण बाईंनीसुद्धा मला वर्गात उभं करून कौतुक केलं, आणि मी मान खाली घालून ते स्वीकारलं. मान खाली घालायचं कारण त्यांना विनय वाटला.

तर मी आप्पांच्या कुत्र्यांवर हाड म्हणून ओरडले, आणि माझं कुत्रं त्यांच्याकडे पाठ करून माझ्यापुढं बसलं. शेपूट हलवत माझ्या हाताकडे बघू लागलं. मी आणखी जोरात ओरडले, ते आणखी जवळ सरकलं. रस्त्यातली चार माणसं मदतीला धावली, तीही हाड हाड करत. सिग्नलला कळेना की आधी कुणाकडे जावं. एवढी माणसं एकाच वेळी इतक्या प्रेमानं बोलावतात, असं त्याच्या बाबतीत पूर्वी झालं नव्हतं.

यातून मी काय शिकावं? काही नाही. दुसरा शब्द शिकवायला हवा होता, पण त्यासाठी पहिला कबूल करावा लागला असता. म्हणून मी रोज पाच वाजता निघत राहिले, मान ताठ.

मग तो बाजारचा दिवस आला. सोसायटीची निवडणूक तोंडावर होती आणि आप्पांच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं चहाला बसली होती. मी समोरून चालले, आणि तिघं सुटली. मी गोल फिरले, पायात पट्टा अडकला, आडवी झाले. पट्टा सुटला. तिसऱ्यानं सिग्नलचा कान धरला, उभा होता तो. माझे दोन्ही गुडघे फुटले होते आणि तोंडातून सवयीनं एकच शब्द येत होता. मी तो शब्द उच्चारला की सिग्नल लढायचं सोडून माझ्याकडे वळायचा, आणि वळला की चावा बसायचा. हे मला दिसत होतं. तरी मी ओरडत राहिले. दुसरं काही सुचतच नव्हतं.

एवढ्या मतदारांसमोर ‘काय करत न्हाईत’ म्हणणं आप्पांनाही जड गेलं असावं. ते बशी ठेवून उभे राहिले आणि खड्या आवाजात ओरडले, “हाड! हाड रे!” त्यांची कुत्री त्यांचं कधीच ऐकत नसत, त्या दिवशीही ऐकलं नाही. पण माझ्या सिग्नलनं ऐकलं. मुसंडी मारून तो त्या तिघांतून निसटला, धोतरं आणि चहाच्या बश्यांमधून वाट काढत ओट्यावर चढला आणि थेट आप्पांसमोर पाय जुळवून बसला. कानातून रक्त ठिबकत होतं आणि नजर आप्पांच्या हातावर.

ओट्यावरचा एक जण म्हणाला, “आप्पा, जनावराला बी कळतं बगा, आसरा कुणाकडं घ्यावा.” दुसरा म्हणाला, “कळतंय म्हंजी? आवो, हात जोडल्यागत बसलंय.” मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, “मग चिन्ह कुत्रंच घ्या आवंदा,” पण ते आप्पांपर्यंत पोचलं नाही. आप्पांनी खाली वाकून सिग्नलच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही मी तोवर बघितलं नव्हतं. घरातली कुत्री ऐकत नाहीत, पोरं ऐकत नाहीत, सभासद तोंडावर ऐकतात, आणि हे परकं कुत्रं एका हाकेत आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आमच्या दारात. खुर्चीत बसल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, “पाणी नीट येतंय ना, मास्तर?”

“येतंय की, आप्पा. तुमची कृपा.”

“न्हाई, इचारलं. ते कुत्रं आमाला द्या. आपसूक चालत आलंय ते आमच्याकडं. असं येत नसतं.”

पप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, “रूथ, कुत्रं तुझं आहे. तुला काही सांगायचंय का?”

सांगायला एकच वाक्य होतं. आप्पा, ते तुमच्याकडे आलं नाही, ते हाडाकडे आलं. एवढं म्हटलं असतं तर आप्पा उठून गेले असते आणि सिग्नल माझ्याकडे राहिला असता. पण दारात पीठगिरणीवाल्या मावशी उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे माझ्या वर्गातल्या दोघी. इंग्रजी जाणणारं कुत्रं मराठीतला एकच शब्द जाणतं आणि तो हा, हे दुपारपर्यंत शाळेत पोचलं असतं. मी म्हटलं, “नाही. काही नाही.”

या वयात मला माझ्या बऱ्याच मूर्खपणांवर हसू येतं. यावर अजून पुरतं येत नाही.

आप्पांनी पट्टा नेला नाही. “पट्टा कशाला, ते काय चोर हाय?” असं म्हणून त्यांनी सिग्नलला गड्याकरवी उचलूनच नेलं. तो मागे वळून बघत होता, घाबरलेला नव्हता, फक्त मी अजून निघाले कशी नाही याचं त्याला नवल वाटत असावं. पाच वाजता मी पट्टा हातात घेऊन पायरीवर बसले. आई भाजी निवडत म्हणाली, “पट्टा तरी हिंडवून आण.” ती रागावली होती की हसत होती, ते मला तेव्हा कळलं नाही. रविवारी जेवणं झाली, पप्पांनी हाडं पितळीत गोळा केली, मागच्या दारात गेले आणि म्हणाले, “सिग्नल, हाड.” मग पितळी तशीच हातात धरून थोडा वेळ उभे राहिले आणि आत आले. मी खरकटी ताटं उचलायला लागले.

सोमवारी दुपारी फाटकाशी आप्पांच्या मंडळी, आक्का, आल्या. आक्का आमच्या कंपाउंडात त्याआधी कधी आल्या नव्हत्या. पाणी यायचं, त्या नाही. हातात बैलाचं दावं, दाव्याला सिग्नल. आक्कांच्या लुगड्याचा काठ फाटून लोंबत होता, दोन बांगड्या फुटल्या होत्या आणि अंबाडा सुटला होता. आईनं धावत जाऊन खुर्ची आणली.

“काय झालं हो, आक्का?”

“काय व्हायचं? ह्याला घेऊन निगाले, तर आमचीच तिन्ही अंगावर. घरची कुत्री, रोज माज्या हातची भाकरी खात्यात. मी हाड म्हनतीया तर ती ऐकंनात, आन् हे माज्या पायावर येऊन बसतंय. पळू बी देईना.” त्या सवयीनं पुढं म्हणाल्या, “तशी काय करत न्हाईत ती,” आणि मग स्वतःच्या फाटक्या काठाकडे बघू लागल्या.

आईनं पाहुण्यांचे कप काढले. मला वाटलं होतं आक्का नको म्हणतील. त्यांनी चहा बशीत ओतून प्यायला, कप पुढं केला आणि म्हणाल्या, “आनी हाय का?” आई आत गेली ती दुसरा चहा करायला. पण तिला बराच वेळ लागला, आणि बाहेर आली तेव्हा तिचे डोळे चुलीच्या धुरानं लाल झालेले होते. आमच्याकडे तेव्हा स्टोव्ह होता.

“चार दिस झाले,” आक्का सांगू लागल्या. “चुलीपाशी बसलं की हे येतंय. हाड म्हनलं की आनी जवळ येतंय. हाकलावं तेवढं चिकटतंय. काल सोवळ्याचा सैपाक होता, मी चाळीसदा हाड म्हनले, शेवटी माज्या मांडीवर मान ठिवून झोपलं. मास्तरीणबाई, माज्या उभ्या जल्मात मला असलं कुत्रं घावलं न्हाई.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “रुताबाय, खरं सांग. घरात काय म्हनून बोलावता ह्याला?”

सिग्नल माझ्या पायाशी येऊन बसला होता. त्याचा कान सुकला होता, पण आता तो उभा राहात नव्हता. दोन्ही कान खाली. पुढं आतोबांना कळवलं तेव्हा त्यांनी पत्रातून लिहिलं, ‘सिग्नलचा हात खाली म्हणजे गाडीला मोकळीक.’ पण ते नंतर. त्या वेळी मला फक्त तो पडलेला कान दिसत होता.

“हाड,” मी म्हटलं.

सिग्नलनं पाय जुळवले.

आक्कांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं. पितळी, रविवार, कम, सिट, सगळं. ऐकता ऐकता आक्कांनी पदर तोंडाला लावला, आणि त्यांचे खांदे हलू लागले. हसताना आवाज करायची त्यांना सवय नसावी. बऱ्याच वेळानं पदर बाजूला करून त्या म्हणाल्या, “म्हंजी आमच्या ओट्यावर ते मटान मागाय आलं हुतं.”

“हो.”

“आन् आमचे मालक चार दिस झाले सांगत्यात गावाला.”

“आप्पांना सांगाल?”

“येडी का खुळी तू? निवडणूक हाय.” त्या उठल्या, लुगडं सावरलं. “त्यास्नी सांगते, कुत्रं अन्न टाकून बसलंय, पोरीसाठी झुरतंय. राहू द्या त्याच्या जागी, रोज यील तुमच्या पाया पडाय. आन् उद्यापास्नं पाच ते सा, आमची तिन्ही दाव्याला.”

“आप्पा बांधू देतील?”

आक्कांनी फाटका काठ हातात धरून मला दाखवला. “हा दावते त्यास्नी. पानी तुमचं चालू ऱ्हाईल, भिऊ नगा.”

आप्पा निवडून आले. त्यात सिग्नलचा वाटा किती, हे मी सांगू शकत नाही. पुढं मी कॉलेजला जाईपर्यंत, पाच ते सहा राजा, वाघ्या आणि तिसरं गोठ्यात बांधलेली असायची, आणि मी सिग्नलला घेऊन आप्पांच्या घरापुढं आले की आतून आक्कांचा आवाज यायचा, गल्लीला ऐकू जाईल असा. “हाड! हाड मेल्या! हाड म्हनते ना!” सिग्नल मला ओढत मागच्या दारी न्यायचा, आणि वाराप्रमाणे हाड, नाहीतर भाकरीचा तुकडा घेऊन मिशीला जीभ लावत यायचा. शेजारच्या बायकांत बोललं जायचं की आक्कांना मास्तरांचं कुत्रं डोळ्यांसमोर नको असतं. मग तो ओट्यावर जाऊन आप्पांपुढं पाय जुळवून बसायचा, कारण बोलावणं कुणाचं आहे याची त्याला कधी खात्री नसायची. आप्पा त्याच्या पडक्या कानावरून हात फिरवायचे आणि आत तोंड करून म्हणायचे, “अगं, कशाला हाडहाड करतीस त्याला? माझ्यासाठी येतंय ते.”

“व्हय जी,” आतून उत्तर यायचं. “हाड!”